फ्लेक्सवाल्याचा बुधवार

परतूर, ६ नोव्हेंबर २०२४

सकाळी ६:३०
चहा उकळतोय तोच अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या उपनगरातून भाच्याचा फोन. "मामा, इकडं रात्रीचे आठ वाजले, मतदान बंद झालं." त्यानं मत आधीच टपालानं धाडलंय. राष्ट्राध्यक्षापासून शाळेच्या मंडळापर्यंत सगळे उमेदवार एकाच मतपत्रिकेवर!

९:००
दुकान उघडलं. निळी शाई तुटक येत होती, मशीनचं हेड पुसलं. सोमवारी अर्ज माघारी संपली; आता २० तारखेच्या मतदानापर्यंत मान वर करायला सवड नाही. पहिलीच ऑर्डर दहा बाय आठची. "साहेबांच्या खाली आमचे अकरा फोटो बसवा," कार्यकर्ता म्हणाला.

११:३०
डिझाइन होईस्तोवर त्यानं माझ्या मोबाइलवरच्या अमेरिकी निकालांत डोकावलं. "ठाणेदार? पोलीस आहेत का?"
"आडनाव आहे. श्री ठाणेदार, बेळगावात वाढलेले. डेट्रॉइटचे खासदार."
"तिथं त्यांचा समाज किती?"
नगण्य. डेट्रॉइट मुख्यतः कृष्णवर्णीयांचं शहर. तिकडं तिकिटासाठी मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत. पक्षाचा उमेदवार मतदारच मत देऊन ठरवतात. २०२२ला डेमोक्रॅटिक पक्षाचे नऊ जण उभे होते. मतं फुटली आणि ठाणेदार साधारण २८ टक्क्यांवर निघाले. त्या भागात पक्षाची ही फेरी जिंकली की पुढचं सोपं.

दुपारी २:००
डबा खाल्ला. फ्लेक्सच्या तळाशी मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव टाकलं. ते कायद्यानं लागतं. आपल्याकडं विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा ४० लाखांची. ठाणेदारांनी २०१८ला मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी पदरचे सुमारे एक कोटी डॉलर ओतले, तरी पक्षाच्या फेरीत तिसरेच आले. पैसा होता, पण तेवढ्यानं भागलं नाही.

४:१५
ट्रम्प जिंकले. कमला हॅरिस यांच्या आजोळी, तमिळनाडूतल्या तुळसेंद्रपुरमला, देवळात त्यांच्या विजयासाठी पूजा झाली होती. ठाणेदारांनी मात्र जागा राखली.

६:३०
भाच्याचा आवाजी निरोप आला. १९४६पर्यंत भारतीयांना तिथलं नागरिकत्वच घेता येत नव्हतं. त्यानंतर दहाच वर्षांत, १९५६ला, पंजाबचे दलीपसिंग सौंद कॅलिफोर्नियातून खासदार म्हणून निवडून आले. शेवटी हसून म्हणाला, "मामा, मी ठाणेदारांच्या मतदारसंघात राहतच नाही. माझं मत त्यांच्या कामाचं नाही."

रात्री ९:००
फ्लेक्स सुकला, कडेला रिंगा ठोकल्या. शटर ओढणार तोच सकाळचा कार्यकर्ता धापा टाकत आला.
"दादा, घोळ झाला. अकराही आपल्याच समाजाचे निघाले. पलीकडच्या गल्लीतला एक घ्या, नाहीतर तिकडची मतं जातील."
मशीन पुन्हा सुरू केलं. अकरा चेहरे थोडे बारीक केले आणि बाराव्याला जागा केली.