राज्यांच्या सीमा आणि जातीचं गणित

राज्यनिर्मितीवर संशोधन करायचंय? मग नकाशाआधी मतांचं गणित बघा. अमेरिकेत १८२० च्या तडजोडीत मिसुरी गुलामगिरीसह घ्यायचं ठरलं, तर जोडीला गुलामगिरी नसलेलं मेन. का? प्रत्येक राज्याला सिनेटच्या दोन जागा मिळतात, आणि तिथला समतोल मोडू द्यायचा नव्हता.

आपल्याकडे हाच प्रश्न डॉ. आंबेडकरांनी जातीच्या अंगाने विचारला. १९५४ मध्ये ते भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक हरले (गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होतं). पुढच्याच वर्षी भाषावार राज्यांवरच्या पुस्तकात त्यांनी लिहिलं, की राज्य फार मोठं झालं तर बहुसंख्य जातीपुढे लहान जाती दबतील. म्हणून मराठी मुलखाची चार राज्यं करा. फाजल अली आयोगानेही १९५५ मध्ये वेगळा विदर्भ सुचवला होता. तरी १९५६ ला आपला भाग मुंबई राज्यात गेला. अहवाल आणि पुस्तक शेजारी ठेवून वाचा. अहवालात महसुलाचा हिशोब सापडेल, पुस्तकात जातीचा.