राधिकाने मिरची किती रुपयांनी घेतली?

आमच्या बचत गटाचा एक नियम आहे. मीटिंग महिन्याच्या पाच तारखेला, आणि काहीही झालं तरी संध्याकाळी सातच्या आत उरकायची. कारण पुढे मालिका असतात! हसू नका. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावात दिवसभर राबलेल्या बाईच्या हातात टीव्हीचा रिमोट हक्काने येतो, तो तेवढाच दीड-दोन तास. नंतर तो एकदा बातम्यांकडे नाहीतर क्रिकेटकडे गेला, की गेलाच.

२०१६ साली झी मराठीवर ‘माझ्या नवऱ्याची बायको’ सुरू झाली. गुरुनाथ, शनाया आणि राधिका. सुरुवातीला आम्ही ती सगळ्यांसारखीच बघायचो, म्हणजे गुरुनाथला शिव्या घालायला. पण नागपूरच्या या साध्याभोळ्या राधिकेने मसाल्यांचा उद्योग काढला, आणि आमचा अख्खा गट सावरून बसला. आम्हीही तोच धंदा करत होतो ना! आमच्याकडे त्याला मसाला नाही, चटणी म्हणतात. कांदा-लसूण चटणी. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी, मग खोबरं, तीळ, धणे भाजायचे आणि कांडपावर न्यायचं. आम्हाला वाटलं, आता काहीतरी शिकायला मिळणार. मार्चमध्ये मिरची चढली तर पाकिटाचा भाव वाढवायचा, की वजन कमी करायचं? दुकानदार ‘विकलं की पैसे देतो’ म्हणतो, त्याच्याकडून वसुली कशी करायची? पावसाळ्यात पाकिटात गोळे होतात, त्याचं काय? अन्न परवान्याच्या कागदांसाठी किती खेपा घालाव्या लागतात?

काय सांगू मैत्रिणींनो, राधिकेची कंपनी बघता बघता शेकडो कोटींची झाली. काचेची केबिन आली, गाडी आली. मिरचीचा भाव मात्र २०२१ मध्ये मालिका संपेपर्यंत एकदाही कुणाच्या तोंडून निघाला नाही. केबिनमध्ये बसून राधिका काय करायची? गुरुनाथचे डाव ओळखायची. आमच्या गटातल्या एकीने तेव्हाच विचारलं होतं, “अगं, ही मिरची किती रुपयांनी घेते, ते तरी सांगा की कुणीतरी!”

आजच्या मालिकांवर माझा राग आहे तो नेमका इथे. दागिने घालून झोपतात, एकाच थोबाडीत तीन वेळा तीन बाजूंनी दाखवतात, ही थट्टा करून करून जुनी झाली. त्यात काही जीव नाही. मला खुपतं ते वेगळंच. मालिका सुरू होते तेव्हा प्रश्न आमच्या घरातला असतो. प्रोमो बघताना आत कुठेतरी हलतं. आणि मग सहा महिन्यांत तो प्रश्न कुठे विरून जातो, कळतही नाही. उरतात फक्त कारस्थानं.

पूर्वीचं सगळं चांगलं होतं, असं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. दूरदर्शनवर कंटाळवाणंही पुष्कळ असायचं. पण १९८५ साली प्रिया तेंडुलकरची ‘रजनी’ गॅस एजन्सीत जाऊन जाब विचारायची, तेव्हा तो जाब कसा विचारायचा हे आम्हाला दिसायचं. कुणाशी बोलायचं, तक्रार कशी करायची, किती वेळा परतून यायचं. १९९७ मध्ये दुपारची ‘दामिनी’ आली. प्रतीक्षा लोणकरची ती पत्रकार. मसाला त्यातही होता, नव्हता असं नाही. पण बाई सकाळी कामाला म्हणून बाहेर पडते आणि काम करते, हे पडद्यावर दिसायचं. नंतरच्या ‘होणार सून मी ह्या घरची’तली जान्हवी बँकेत होती. पण बाजारात गाजलं काय? जान्हवीचं मंगळसूत्र! आमच्या गावच्या सराफानेसुद्धा ते काचेत टांगलं होतं.

आता जरा वेगळी गोष्ट सांगते. आमच्या गल्लीत एक काकू आहेत. पंचेचाळिशीच्या आतच त्यांचे मिस्टर गेले. एकच मुलगी, ती पुण्यात दिलेली. २०१९ मध्ये ‘अग्गंबाई सासूबाई’ सुरू झाली तशा काकू रोज आमच्याकडे बघायला यायच्या. विधवा आसावरीचं लग्न तिची सूनच लावून देते, अशी गोष्ट. निवेदिता सराफ, गिरीश ओक आणि सूनबाई शुभ्रा म्हणजे तेजश्री प्रधान. २०२०च्या सुरुवातीला ते लग्न दाखवलं, आणि त्याच आठवड्यात काकूंच्या मुलीचा फोन आला. “आई, बघितलंस ना? तुझ्यासाठी बघू का कुणी?” काकूंनी फोन आपटला. दुसऱ्या दिवशी मला सांगताना म्हणाल्या, “लाज नाही वाटली गं तिला.” पण हे सांगताना चेहरा काही रागाचा नव्हता. मी गप्प राहिले.

त्यानंतर काकू एकही भाग चुकवेनात. त्यांना काय बघायचं होतं, ते मला ठाऊक होतं. हळदीकुंकवाला आसावरीला कोण बोलावतं, कोण टाळतं? पहिल्या नवऱ्याच्या फोटोचं काय करतात? रेशनकार्डावर नाव कुठे लागतं? सणाला लेक कुठल्या घरी येते? असल्या लग्नाचा विचार मनात आला, की बाईला रात्री झोप लागू देत नाहीत ते हे प्रश्न. आणि मालिकेने काय दाखवलं? लग्नानंतर लवकरच गाडी परत बबड्याच्या लबाड्यांवर आली. लाडावलेला मुलगा आईला कसा फसवतो, महिनोन् महिने तेच.

तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. मार्च २०२१ मध्ये त्याच कुटुंबाचा पुढचा भाग आला, ‘अग्गंबाई सूनबाई’. त्यातली शुभ्रा बघितली का तुम्ही? जिने सगळ्या घराशी भांडून सासूचं लग्न लावलं, ती इथे नवऱ्याला घाबरून, त्याचा मूड सांभाळत घरात वावरणारी! नवऱ्याचं बाहेर प्रकरण, आणि ही आपली त्याच्या आवडीचं जेवण करतेय. नटीही बदललेली होती, पण तो मुद्दा नाही. एक शहाणी, बोलकी मुलगी अशी कशी झाली, याचं कारण सांगायची तसदीही कुणी घेतली नाही. ऑगस्टपर्यंत ती मालिका गुंडाळलीसुद्धा. काकू मला एवढंच म्हणाल्या, “बघ, शुभ्राचंच असं झालं.” पुढे त्यांच्या मुलीनेही तो विषय काढला नाही. आता या सगळ्याचं खापर मी मालिकेवर फोडत नाही. काकूंच्या मनात आणखीही दहा गोष्टी असतील. पण ज्या खिडकीतून त्या बाहेर बघत होत्या, ती खाडकन बंद झाली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

‘आई कुठे काय करते’चंही तसंच. केवढं मोठं नाव! घराघरात मुलं बोलतात ते वाक्य. मधुराणी प्रभुलकरचं काम तर असं, की अरुंधती गप्प बसली तरी पोटात कालवायचं. डिसेंबर २०१९ ते नोव्हेंबर २०२४, जवळजवळ पाच वर्षं चालली. घटस्फोट झाला, गाणं पुन्हा सुरू झालं, दुसरं लग्न झालं, तो नवराही वारला. आणि एवढं होऊनही ही बाई देशमुखांच्याच घरातली भांडणं मिटवायला हजर! मला १९८२चा जब्बार पटेलांचा ‘उंबरठा’ आठवायचा. स्मिता पाटीलची सुलभा महिलाश्रमात नोकरीला जाते, दमते, लढते, घरी परतते तेव्हा नवऱ्याचं दुसरीकडे जमलेलं असतं. ती निघून जाते. तो शेवट बघून आमच्या आईच्या पिढीच्या बायका चिडल्याही होत्या, पण घरी येऊन त्यावर बोलल्या होत्या. अरुंधती उंबरठा ओलांडते आणि पुन्हा त्याच उंबरठ्यावर येऊन बसते.

आणि ‘रंग माझा वेगळा’! सावळ्या मुलींची गोष्ट म्हणे. त्यासाठी घेतली गोरी नटी आणि तिला मेकअपने काळं केलं. सावळी मुलगी महाराष्ट्रात मिळाली नाही काय हो?

असं का होतं, तर टीआरपी. काही हजार घरांत मीटर बसवलेले असतात, दर गुरुवारी ‘बार्क’चे आकडे येतात, आणि त्यावर पुढच्या गोष्टीचं ठरतं. आकडा घसरला की कुणाला तरी विष घाला, कुणाची तरी स्मृती घालवा, नाहीतर एकदम सहा वर्षं पुढे न्या. ‘तुला पाहते रे’मध्ये वीस वर्षांच्या मुलीचं चाळिशीच्या माणसावर प्रेम बसतं, हा खरा विषय होता. घरात मुलगी असलेल्या प्रत्येक आईला धास्ती वाटावी असा. त्याचं पुढे काय झालं, तर पुनर्जन्म! लेखकांना तरी काय बोलणार, आठवड्याला सहा भाग आणि वर महाएपिसोड. दूरदर्शनवर बऱ्याच मालिकांना तेरा भागच मिळायचे, त्यामुळे गोष्टीला शेवट तरी असायचा. ई टीव्ही मराठीवर ‘चार दिवस सासूचे’ सुरू झाली तेव्हा माझी मुलगी पाळण्यात होती. २०१३ मध्ये संपली तेव्हा ती सातवीत. तीन हजारांवर भाग! सासूचे चार दिवस म्हणता म्हणता अकरा वर्षं.

‘तुम्ही बघता म्हणून आम्ही दाखवतो,’ असं या लोकांचं ठरलेलं उत्तर असतं. पण संध्याकाळी साडेसातला आमच्यापुढे ताट एकच आहे. भूक लागली म्हणून जेवलो, याचा अर्थ भाजी आवडली असा होत नाही.

सिनेमाला जावं म्हटलं तर आमच्या गावात दोन टॉकीज होत्या. एकीचं मंगल कार्यालय झालं, दुसरीला कुलूप. सिनेमा बघायचा म्हणजे सांगली गाठायची. २०२३ मध्ये ‘बाईपण भारी देवा’ला आम्ही सतराजणी दोन वडाप ठरवून गेलो. नऊवारी, गॉगल, सगळं केलं. खूप हसलो, रडलो, येताना वाटेत उसाचा रस प्यायलो. त्या दिवसाबद्दल माझी काही तक्रार नाही. त्याआधी ‘झिम्मा’ आला होता, बायकांच्या लंडन सहलीचा. तोही छान. पण लक्षात आलं का, या सिनेमांत बाई मोकळी होते ती सहलीत, नाहीतर मंगळागौरीच्या स्पर्धेत. सोमवारी सकाळी सहाचा कुकर लावताना तिचं काय होतं? तिथपर्यंत कॅमेरा फार कमी वेळा येतो. २०२४च्या ‘नाच गं घुमा’मध्ये आला. मुक्ता बर्वे आणि नम्रता संभेराव, मालकीण आणि कामवाली. कामवाली आली नाही की दिवस कसा कोसळतो, हे ज्याने लिहिलं त्याने घरात लक्ष देऊन पाहिलंय. पण आमचं जायचं जुळेपर्यंत तो सांगलीतून गेला होता. मग मोबाइलवर, चष्मा लावून पाहिला.

बाकी ‘फर्जंद’, ‘पावनखिंड’ अशी ऐतिहासिक लाट आली. इतिहास आपलाच, अभिमान आहेच. जिजाऊंचा मान वेगळा. पण इतर बायकांच्या हाती बहुतेक वेळा औक्षणाचं तबक. तलवारीवर गेलेल्या माणसाचं घर, शेत, पोरं मागे कुणी सांभाळली, त्यावरही कधीतरी एक सिनेमा होऊ द्या की.

गेल्या वर्षी, २०२५च्या जुलैमध्ये, ‘क्यों की सास भी कभी बहू थी’ पुन्हा सुरू झाली. २००० साली आली होती तीच, तुळशी तीच. सासूबाई एकदम खूश, जुनी मैत्रीण भेटल्यासारख्या. मुलगी सुटीला आली होती. मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते आणि तिकडून संवाद ऐकू येत होते. मुलगी म्हणाली, “आई, तू टीव्ही बघत नाहीस, नुसती ऐकतेस.” खरं आहे. पाठ टीव्हीकडे आणि तोंड तव्याकडे, अशीच मी गेली वीस-पंचवीस वर्षं मालिका बघते आहे. आणि एकेक वाक्य तीन-तीनदा का म्हणतात, ढणढण संगीत का वाजवतात, तेही मला त्या दिवशी उमगलं. आम्ही भाकरी थापतोय, हे त्यांना पक्कं माहीत आहे. भाकरीला पीठ कितीला पडतं, एवढंच काय ते त्यांना माहीत नाही.