तांब्याचा पत्रा, तांबटाचा कान

पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीचा पत्ता विचारावा लागत नाही, ठोक्यांचा आवाज आधीच कानी येतो. पेशवाईत कोकणातून आलेल्या तांबटांची ही वस्ती. हंडे, घागरी, पाणी तापवायचे बंब हे त्यांचं पिढीजात काम, आणि त्यातला कळस म्हणजे मठारकाम. घडवलेलं भांडं लोखंडी टेकूवर धरून हातोडीचा एकेक ठोका शेजारच्या ठोक्याला लावत न्यायचा. ओळ जराही वाकत नाही. त्या चकचकीत खळग्यांनी भांड्याला रूप येतं आणि पत्रा ताठही होतो.

ठोकून ठोकून तांबं कडक होतं. तसंच ठोकत राहिलं तर तडकतं. म्हणून मधूनमधून ते भट्टीत लालसर करून पुन्हा मऊ करावं लागतं. पोलाद तापवून पाण्यात बुडवलं की कडक होतं, तांबं मात्र मऊच राहतं. खरा धोका लाली उतरल्यावर सुरू होतो. साधारण पाचशे अंशांच्या खाली धातू उजेडात लाल दिसत नाही. भट्टीतून काढून बाजूला ठेवलेला काळपट पत्रा थंड वाटतो, आणि नवशिका पोरगा तो सहज उचलायला जातो. जाणता कारागीर पालथा हात लांबूनच पत्र्याजवळ नेऊन धग बघतो आणि मग सांडशीनेच उचलतो. कापलेल्या पत्र्याची कड तर गार असतानाही पात्यासारखी चालते.

पितळेचा धोका वेगळा, कारण त्यात जस्त असतं. तांबं 1085 अंशांना वितळतं, जस्त 907 अंशांनाच उकळतं. त्यामुळे पितळ फार तापलं की जस्ताची वाफ निघते आणि हवेत तिचा पांढरा धूर होतो. जीआय पत्र्याचं वेल्डिंग करणाऱ्या शेडमध्ये तर हा धूर रोजचाच, कारण त्या पत्र्यावर जस्ताचाच थर असतो. दिवसभर काही वाटत नाही. संध्याकाळी हुडहुडी भरते, अंग मोडून येतं, तोंडाला धातूची चव येते. एक-दोन दिवसांत उतरतं, म्हणून फ्लू समजून सोडून दिलं जातं. रोजच्या धुराची शरीराला तात्पुरती सवय होते, सुट्टीत ती मोडते. म्हणून हा ताप सोमवारी हटकून गाठतो. वेल्डिंगवाल्याला गूळ खा, दूध प्या असं सांगितलं जातं. पण दूध पोटात जातं, धूर फुफ्फुसात. वेल्डिंगच्या जागेवरचा जस्ताचा थर आधी घासून काढणं, धूर ओढून घेणारा पंखा लावणं आणि योग्य मास्क वापरणं, हाच उपाय आहे.

तांबटाचा सगळ्यात जुना शत्रू मात्र आवाज. कामगारांच्या आजारांवर लिहिणारा इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी याने अठराव्या शतकाच्या आरंभीच व्हेनिसच्या तांबटांबद्दल नोंदवलं होतं, की दिवसभर तांबं ठोकून त्यांचे कान जातात आणि म्हातारपणी ते ठार बहिरे होतात. आतल्या कानातल्या सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. आधी जातो तो 4000 हर्ट्झच्या आसपासचा उंच स्वर. माणसाला बोलणं ऐकू येतं, पण ‘स’, ‘फ’ अशी अक्षरं निसटतात, आणि घरचे म्हणतात, यांचं लक्षच नसतं!

2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या फॅक्टरी कायद्याखाली कारखान्यांत आठ तासांच्या पाळीसाठी 90 डेसिबलची मर्यादा होती. पण त्या कायद्याला मुळातच विजेवर चालणाऱ्या जागी निदान दहा कामगार लागत, विजेविना वीस. वाड्यातल्या दोन-चार माणसांच्या भट्टीकडे तो कायदा कधी वळलाच नाही. ठोका नीट बसला की नाही हे कारागीर नादावरून ओळखतो, त्यामुळे कानात बोळे घालायला तो कचरतो, हे मला पटतं. पण चांगले बोळे आवाज कमी करतात, पुसून टाकत नाहीत. आळीची कारागिरी दाखवायला परदेशी पाहुणे आणणाऱ्यांनी वर्षातून एकदा इथल्या कारागिरांचे कान तपासायची सोय का करू नये? ती तपासणी अर्ध्या तासाची असते, आणि वीस-पंचविशीतल्या पोरांपासून सुरू करायला हवी.