दस्तऐवजातील बदल आणि कर्त्याची नोंद : फेरफाराच्या भाषेचा अभ्यास

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला
- सामायिक दस्तऐवजात बदलांची नोंद का ठेवावी लागते, हे सांगता येईल;
- फेरफार नोंदीची रचना व तिची भाषा यांचे विश्लेषण करता येईल;
- प्रशासकीय मराठीतील कर्तृलोपाचे परिणाम ओळखता येतील.

१. प्रास्ताविक

एकच दस्तऐवज अनेकांच्या हातांखालून जातो, तेव्हा त्यात आज काय लिहिले आहे एवढेच पाहून भागत नाही. पूर्वी काय होते, ते कोणी, केव्हा व कोणत्या आधारे बदलले, हेही कळावे लागते. संगणकावरील सामायिक फाइलींमुळे हा प्रश्न नव्याने चर्चेत आला असला, तरी महाराष्ट्राच्या महसूल कार्यालयांनी तो फार पूर्वी हाताळलेला आहे. मुंबई इलाख्यात १९०३च्या कायद्याने जमिनीच्या अधिकार अभिलेखाची पद्धत सुरू झाली. आज ती महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार चालते.

रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा या तालुक्यांत या नोंदींचे मोल सहज लक्षात येते. हेटवणे धरण, धाटावची औद्योगिक वसाहत, रोह्यापासून सुरू होणारी कोकण रेल्वे, मुंबई-गोवा महामार्गाचे रुंदीकरण अशा कामांसाठी येथील जमिनी लागल्या. संपादनाच्या वेळी मोबदला ठरविताना प्रथम पाहिला जातो तो अभिलेख. सातबाऱ्यावर नाव नसणाऱ्याला आपला हक्क सिद्ध करण्यापासून सुरुवात करावी लागते.

२. फेरफार नोंदवहीची रचना

सातबारा म्हणजे गाव नमुना सात व बारा यांचा संयुक्त उतारा. तो जमिनीची आजची स्थिती सांगतो. ही स्थिती कशी आली, याचा इतिहास गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत असतो. सातबाऱ्यावरील नावाजवळ दिलेला क्रमांक या नोंदवहीतील नोंदीकडे नेतो.

नोंदीची प्रक्रियाही लक्षात घेण्याजोगी आहे. हक्क संपादन करणाऱ्याने तीन महिन्यांच्या आत वर्दी द्यायची असते. तलाठी (आताचे पदनाम ग्राम महसूल अधिकारी) नोंद धरतो, तिची प्रत चावडीत लावतो आणि हितसंबंधितांना नोटीस देतो. हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते. हरकत आल्यास ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते. छाननीनंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. लिहिणारा एक व तपासणारा दुसरा, ही विभागणी या व्यवस्थेचा कणा होय.

जुने नाव येथे पुसले जात नाही. पूर्वी त्याला कंस केला जाई. २०२० मध्ये सुधारलेल्या सातबाऱ्यात त्यावर आडवी रेष येते. दोन्ही पद्धतींत जुने नाव वाचता येते. खाडाखोड आणि दुरुस्ती यांतील भेद हाच : खाडाखोड पूर्वीचा मजकूर नाहीसा करते, दुरुस्ती तो राखून नवा मजकूर देते.

३. नोंदीची भाषा

पुढील काल्पनिक नमुना पाहा :

*खातेदार क्ष हे मयत झाले. त्यांस मुलगा य व मुलगी र असे वारस असल्याची वर्दी य यांनी दिली. मृत्यूचा दाखला हजर. सबब वारसांची नावे दाखल करण्यात आली.*

येथे ‘वर्दी’ हा शब्द बदलाचा उगम सांगतो, ‘दाखला हजर’ हे आधार सांगते, ‘सबब’ हे अव्यय आधार व निर्णय यांना जोडते. बदल करणारा मात्र वाक्यात नाही. ‘करण्यात आली’ या रचनेत कर्त्याची जागाच राहत नाही.

कर्त्याच्या दृष्टीने पुढील चार वाक्यांची उतरंड लावता येते :

(१) तलाठ्याने बहिणीचे नाव कमी केले.
(२) बहिणीचे नाव कमी करण्यात आले.
(३) बहिणीचे नाव कमी झाले.
(४) बहिणीचे नाव राहून गेले.

पहिल्या वाक्यात कर्ता उघड आहे. दुसऱ्यात तो अध्याहृत आहे. कोणीतरी कृती केली, एवढे कळते. तिसऱ्यात अकर्मक क्रियापदामुळे ती घटना आपोआप घडल्यासारखी वाटते. चौथ्यात संयुक्त क्रियापदामुळे घटना निव्वळ अनवधान ठरते आणि कोणाला विचारावे, हा प्रश्नच उरत नाही. वारसनोंदीच्या वादांत ही निवड निरुपद्रवी नसते. बहिणीने नोंदणीकृत हक्कसोडपत्र दिले असेल, तर फेरफारात त्याचा उल्लेख सापडला पाहिजे. वर्दीतच तिचे नाव नसेल, तर वर्दी कोणाची, हे पाहावे लागते. ‘राहून गेले’ या एका क्रियापदाने या दोन्ही शक्यता झाकल्या जातात.

म्हणून नोंदवहीच्या रकान्यांना महत्त्व येते. नोंदीचा क्रमांक, अधिकाराचे स्वरूप, संबंधित भूमापन क्रमांक आणि चाचणी अधिकाऱ्याची सही वा शेरा असे तिचे रकाने आहेत. वाक्याने लपविलेला कर्ता सहीच्या रूपाने परत येतो. प्रशासकीय गद्याची अव्यक्तिक शैली निभावते, ती रकाना उत्तरदायित्व सांभाळतो म्हणून.

४. संगणकीय नोंदीशी तुलना

सामायिक फाइलीतील आवृत्ती-इतिहास कोणत्या खात्यातून, केव्हा, कोणता शब्द बदलला, हे आपोआप टिपतो. कंपन्यांच्या हिशेबांबाबत तर १ एप्रिल २०२३ पासून सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांसाठी, प्रत्येक बदलाची दिनांकासह नोंद ठेवणारी व बंद करता न येणारी प्रणाली अनिवार्य आहे.

तरीही दोन मर्यादा राहतात. एक, यंत्र खाते ओळखते, माणूस नव्हे. सारे कार्यालय एकच पासवर्ड वापरत असेल, तर ‘कोणी’ या रकान्यात नाव दिसते, पण त्यातून कर्ता कळत नाही. दोन, यंत्र बदल टिपते, त्याचे कारण नाही. ‘सबब’च्या आधीचा मजकूर माणसालाच लिहावा लागतो. सामायिक मसुद्यात दुरुस्ती करताना ‘अमुक पत्रान्वये बदल’ असा शेरा देण्याची सवय म्हणूनच आवश्यक आहे.

कायदाही नोंदीला अंतिम सत्य मानत नाही. संहितेच्या कलम १५७ नुसार प्रमाणित नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, किंवा तिच्या जागी कायदेशीररीत्या नवी नोंद येईपर्यंत खरी धरली जाते. विरुद्ध सिद्ध करण्याची वाट मोकळी राहते, ती बदलांचा माग शिल्लक असल्यामुळेच.

५. सारांश

बदलाची पूर्ण नोंद कोणी, केव्हा, काय व का या चार प्रश्नांची उत्तरे देते. प्रशासकीय मराठीची वाक्यरचना पहिल्या प्रश्नाचे उत्तर अनेकदा टाळते. नोंदीचा नमुना ते भरून काढतो. फेरफार वाचताना केवळ अर्थ न लावता वर्दी, आधार व सही यांचा शोध घेणे, हे भाषेच्या अभ्यासकाचे काम आहे.

स्वाध्याय

१. ‘खाडाखोड’ व ‘दुरुस्ती’ यांतील फरक स्पष्ट करा.
२. विभाग ३ मधील चार वाक्यांच्या धर्तीवर ‘फाइल हरवणे’ या घटनेची चार वाक्ये रचा व प्रत्येकातील कर्त्याचे स्थान सांगा.
३. आपल्या घरच्या जमिनीचा एक फेरफार मिळवा. त्यातील वर्दीदार, आधार व प्रमाणित करणारा अधिकारी यांची नोंद करा. वारसनोंद असल्यास सर्व वारसांची नावे आली आहेत का, ते पाहा.