द्राक्षाच्या वाणांचीं नांवें : समज आणि वस्तुस्थिति

नव्या नांवाची काडी म्हणजे नवी जात, असा समज सातारा-सांगलीकडील बागाईतदारांत दृढ आहे. वस्तुतः तासगांवचा 'तास-ए-गणेश', सोलापूर जिल्ह्यांतील नान्नजचा 'सोनाका' व 'माणिक चमन' हे तिन्ही वाण 'थॉमसन सीडलेस'मधूनच निवडलेले आहेत. 'थॉमसन' हें नांवही मूळचें नव्हे. १८७२ सालीं कॅलिफोर्नियांत विल्यम थॉमसन यांनीं मागविलेल्या काड्यांचें नांव निराळेंच होतें. पुढें लावणाराचेंच नांव वेलीस चिकटलें. पश्चिम आशियांत तीच वेल 'किसमिस', 'सुलताना' म्हणून पूर्वींच प्रसिद्ध होती.

मग वाणांतील भेद लटका काय? तसें नाहीं. एखाद्या डोळ्यांत निसर्गतः पालट होऊन निराळी फूट निघते, व ती कलमानें टिकवितां येते. परंतु जिबरेलिक आम्लाची फवारणी व मण्यांची विरळणी यांनींही मणी लांबतो. सबब केवळ लांबीवरून वाण ठरवूं नये.

काडी चुकली हें पहिला घड येईपर्यंत कळत नाहीं, आणि तोंवर मांडवाचा खर्च होऊन गेलेला असतो. याकरितां मूळ वेल फळासह समक्ष पाहावी, तिच्यावर काय फवारलें तें विचारावें, आणि काडी कोणत्या बागेंतील हें पावतीवर लिहून घ्यावें.