गजाची पकड

बाळांनो, मुंबईच्या हार्बर लाईनची गाडी वळणावर आली की चाकं कशी किंचाळतात, ऐकलंय ना? १९१० साली ही लाईन सुरू झाली तेव्हा ती कुर्ल्याहून निघून आपल्या रे रोडलाच संपायची. तर त्या किंचाळीची आणि व्हायोलिनच्या गोड सुराची जननी एकच आहे, घर्षण! चाक रुळाला क्षणभर चिकटतं, ताण वाढला की सटकतं, पुन्हा चिकटतं.

व्हायोलिनच्या गजाला घोड्याच्या शेपटीचे केस असतात. त्यांवर राळ घासतात, चीडच्या झाडाच्या चिकापासून केलेली. राळेशिवाय कोरा गज तारेवरून नुसता घसरतो. राळ लागली की केस तारेला धरून ओढत नेतात, मग तार निसटते, पुन्हा सापडते. व्हायोलिनच्या ‘ए’ सुराच्या तारेवर हे सेकंदाला ४४० वेळा घडतं!

पण ४४०च का? वाजणारी तार डोळ्यांना फुगीर दिसते. खरं तर तिच्यावर एक टोकदार कोपरा या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत असतो. फेरी मारून तो गजापाशी आला की पकड सुटते. म्हणजे सूर ठरवते ती तार. गज फक्त तिला हलती ठेवतो. जर्मनीच्या हेल्महोल्ट्झ या शास्त्रज्ञांनी हा कोपरा शोधला आणि त्याचं सविस्तर गणित मांडलं आपल्या सी. व्ही. रामन यांनी, कोलकात्यात, १९१८ मध्ये. नोबेल त्यांना पुढे, १९३० साली, वेगळ्या कामासाठी मिळालं. मला मात्र तारेत रमलेले रामन फार जवळचे वाटतात.

एकट्या तारेनं हवा फारशी हलत नाही. तारेखालची घोडी तिची थरथर लाकडी पेटीला देते आणि पेटी बोलते. आपल्या रे रोडच्या वखारींतलं सागवान दारं-खिडक्यांना उत्तम. व्हायोलिनची वरची फळी मात्र हलकी आणि ताठ लागते, म्हणून ती स्प्रूसची.

आता बोट दाबलं की तार आखूड होते, कोपऱ्याची फेरी लहान होते, सूर चढतो. सतारीसारखे पडदे नाहीत, त्यामुळे बोट सरकवत न्यावं तसा सूर वाहतो. कुरुंदवाडला जन्मलेले पंडित डी. के. दातार मांडी घालून बसत, व्हायोलिनचं टोक उजव्या पावलावर टेकवत. डावा हात मोकळा! मग मींड, म्हणजे हा वाहता सूर, अशी येई की वाद्य गातंय असंच वाटे.

आयर्लंडमध्ये याच वाद्याला फिडल म्हणतात. तिथे नाचणाऱ्या पावलांसाठी वाजवायचं, म्हणून गज भराभर उलटतो आणि बोटं सुराला झटका देऊन पळतात. स्लायगो परगण्यातल्या मायकेल कोलमननं न्यूयॉर्कला जाऊन तबकड्या काढल्या. त्या मायदेशी पोचल्या आणि खेड्यापाड्यांतल्या वादकांनी त्या ऐकून ऐकून त्याची गज चालवायची ढब उचलली. आपल्याकडेही विद्या अशीच कानानं येते.

चला, एक पातळ काचेचा पेला आणा. बोट ओलं करून काठावरून हळू फिरवा. तेच चिकटणं, तेच सुटणं! आता थोडं पाणी ओता. सूर उतरला ना? का उतरला, ते उद्या मला तुम्ही सांगायचं.