वाळा साप : खताच्या खड्ड्यांतील रहिवासी

गेल्या आषाढांत ठाण्यास नौपाड्यांतील आमच्या न्हाणींत मोरीवाटें पांच-सहा इंच लांबीचा, काळसर व चकचकीत असा एक जीव वर आला. शेजारीं एकच गलका झाला. कोणी त्यास गांडूळ म्हटलें. एक गृहस्थ मांडुळाचें पिल्लू समजून त्याची किंमत लाखांत बोलूं लागले. दुसऱ्यांनीं चप्पल उचलली. आम्हीं तो डब्यांत घेऊन अंगणांतील जास्वंदीच्या बुडाशीं सोडला. तो वाळा साप होता.

गांडुळाच्या अंगास वळीं असतात. वाळ्याच्या अंगावर बारीक, तुळतुळीत खवले असतात व तो जीभ बाहेर काढतो. मांडुळाचें पिल्लू जन्मतःच याहून पुष्कळ जाड असतें. (तें असतें तरी काय? मांडूळ पकडणें व विकणें हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें गुन्हा आहे. लाखांची लालूच दाखविणारा दलाल शेतकऱ्यास तुरुंगाची वाट दाखवितो.) वाळ्याचे डोळे म्हणजे खवल्यांखालील दोन ठिपके. शेपटीच्या टोकास सूक्ष्म कांटा असतो; हातांत धरल्यास तो टोंचतो, म्हणून डंखाचा संशय येतो. पण माणसास अपाय करील असें विष या सापांत नाहीं आणि चावण्याजोगें तोंडही नाहीं.

ओलसर भुसभुशीत माती, पालापाचोळा, कुजकें लांकूड व शेणखताचा खड्डा हीं त्याचीं घरें. बिळांत पाणी भरलें कीं तो वर येतो. नौपाड्यांत इमारतींच्या दाटींत मोकळी जमीन थोडी उरली, तरी झाडांच्या कुंड्या त्यास पुरतात. कुंड्यांच्या मातींतूनच तो अमेरिका, आफ्रिका व ऑस्ट्रेलियापर्यंत पोहोंचला. या जातींत नर आढळतच नाहींत; मादी नरावांचून अंडीं घालते, म्हणून एकटीच नव्या देशीं वंश वाढवूं शकते.

शेतकऱ्यांस महत्त्वाचें तें त्याचें खाणें. मुंग्या व वाळवी यांचीं अंडीं आणि अळ्या हाच त्याचा आहार. एका वाळ्यानें वारूळ ओस पडेल असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु वाळवीसाठीं पैसे खर्चून औषध ओतावयाचें आणि तिचीं अंडीं फुकट खाणारा फावड्यानें तोडावयाचा, हा व्यवहार आम्हांस समजत नाहीं. खत उपसतांना तो दिसल्यास कडेच्या ओल्या मातींत सरकवावा. उन्हांत उघडा टाकूं नये, तो लवकर सुकून मरतो.